पापम् लिहिलेलं पाकीट

गेली तीन वर्षं मी पोटासाठी जे काम करतो त्याला टॅग लावणं म्हणतात. बातमी लिहून झाली की तिच्या शेपटीला आठ-दहा शब्द बांधायचे, म्हणजे फोनवर त्यातला एखादा शब्द शोधणाऱ्याला ती सापडते. ऐकायला सज्जन काम आहे. प्रत्यक्षात दुपारी डबा उघडण्याआधी मला दोनदा साबणानं हात धुवावेसे वाटतात. बुडून मेलेल्या मुलीच्या बातमीला एका नटीचं नाव बांधायचं, कारण त्या आठवड्यात ती नटी कुठल्याशा गाण्यात पाण्यात भिजलीये. आजारी पुढाऱ्याच्या बातमीला 'शेवटचा फोटो' बांधायचं, मग तो दवाखान्यात बसून इडली खात का असेना. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात हे लहानपणी नुसतं ऐकलं होतं. आता त्याचा मला पगार मिळतो.

सांबमूर्तीगारूंनी हेच काम छत्तीस वर्षं केलं आणि त्यांचे हात स्वच्छ राहिले. म्हणून त्यांची गोष्ट सांगायला बसलोय. त्यांचं कौतुक करायचं आहेच, पण माझीही थोडी घाण उपसायची आहे.

वल्लूरी सांबमूर्ती. गारू म्हणजे आपल्याकडचं राव. विजयवाड्याच्या ऑटोनगरात आमच्या तेलुगू दैनिकाची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर छापखान्याच्या पाठीमागे कात्रणांची खोली होती, तिचे ते धनी. अंगानं काडी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात दोन पेनं. निळं तारखेसाठी, लाल पाकिटासाठी. रोज सकाळी आठला ते ताजा पेपर, कात्री आणि मैद्याची खळ घेऊन बसत. बातमी कापायची, जाड कागदावर चिकटवायची, वर तारीख घालायची आणि मग ठरवायचं की ती कुठल्या खाकी पाकिटात जाणार. प्रत्येक पाकिटावर एक शब्द. 'पूर'. 'मिरची'. 'कालवे'. 'पक्षबदलू', या पाकिटांची तर अख्खी फळीच होती.

"शब्द एकच पाहिजे," ते म्हणायचे. "दोन लागले म्हणजे तुम्हाला बातमी कळलेली नाही."

मी सव्वीस वर्षांपूर्वी या गावात आलो, बायको इथली म्हणून. पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो तर चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पेठे? म्हणजे काय हो?"

"पेठ म्हणजे बाजार," मी म्हणालो.

"बरं झालं सांगितलंत. तुम्हाला 'बाजार' पाकिटात घालून ठेवतो."

माणूस खडूस होता. कात्रण परत द्यायला एक दिवस उशीर झाला तर उपसंपादकाच्या टेबलाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणायचा, "बाबू, ती बातमी तुझ्या सासऱ्यानं हुंड्यात दिलीये का?" पण पाकिटांच्या बाबतीत त्याच्याइतका हळवा माणूस मी पाहिला नाही.

त्या खोलीतलं सगळ्यात जाड पाकीट 'पापम्' नावाचं होतं. एक भरलं की दुसरं, असं करत त्याची सतरा पाकिटं झाली होती. आपल्याकडे पाप म्हणजे पाप, नरकात नेणारं. तेलुगूतही पोथीतला अर्थ तोच. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द वेगळाच आहे. बसमध्ये म्हातारी धडपडली, शेजारणीचं दूध नासलं, कुणाचं पोर गेलं, की बायकांच्या तोंडून पहिला शब्द येतो, "पापम्!" बिचारी गं! इथलं तान्हं मूलसुद्धा हा फरक जाणतं.

"अपघाताचं वेगळं पाकीट आहे ना?" मी एकदा विचारलं होतं.

"अपघातात बस उलटते, मंत्री येतो, फोटो काढतो," ते म्हणाले. "शेवग्याच्या शेंगा काढताना फांदी मोडून जी बाई मरते, तिच्याकडे कोण येतं? दोन इंचांची बातमी. उद्या तिला कुणी शोधणार नाही. तिला कुठं ठेवू? म्हटलं, माणूस ऐकून जे बोलेल तेच पाकिटावर लिहावं."

त्या पाकिटातली एकच बातमी अशी होती की तिला शोधत दरवर्षी कुणीतरी यायचं. रमणम्मा. पटमट्यात बंदर कालव्याच्या काठच्या गल्लीत इस्त्रीचं काम करणारी बाई. चौदा वर्षांपूर्वी ऑगस्टात कालव्याला भरून पाणी सोडलेलं असताना त्याच गल्लीतली दीनम्मा चटई धुताना घसरली. रमणम्माचा नवरा पोलय्या काठावर कपडे वाळत घालत होता. त्यानं अंगातल्या सदऱ्यासकट उडी मारली. दोघंही गेले. बातमी सहा ओळींची, त्यात मतदार ओळखपत्रावरचे दोन फोटो शेजारी शेजारी.

पहिल्या वर्षश्राद्धाला रमणम्मा ऑफिसात आली, कारण तिच्याकडचा पेपर वाळवीनं खाल्ला होता. सांबमूर्तीगारूंनी नक्कल काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून दिली, आणि तिला वाचता येत नाही म्हटल्यावर वाचूनही दाखवली. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ती यायची, बूरेलूंचा, म्हणजे पुरण भरून तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन, आणि तेच कात्रण पुन्हा ऐकून जायची. मी दोन-तीनदा तिथं होतो. बातमीत एक ओळ होती: 'दीनम्माच्या मुठीत पोलय्याच्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरलेली आढळली.' ती ओळ आली की रमणम्मा हात वर करून त्यांना थांबवायची.

"बघितलंत? म्हणजे पोचला होता तिच्यापर्यंत," ती म्हणायची. "माझ्या माणसाची उडी फुकट गेली नाही, बाबूगारू. दोन हात पाणी कमी असतं, तर काढलीच असती त्यानं."

दीनम्माची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिचं नाव सुवार्ता. तिच्या शाळेच्या गणवेशाला रमणम्मानंच दहा वर्षं इस्त्री केली, कधी पैसा न घेता. पोर तिला पेद्दम्मा म्हणायची, मोठी आई. आता ती बेसंट रोडवर कापडाच्या दुकानात लागली होती आणि त्या तारखेला न चुकता पेद्दम्माकडे जेवायला जायची. एकीचा नवरा गेला, एकीची आई गेली, आणि दोघींनी त्यातून नातं जोडलं. असल्या गोष्टी पेपरात छापून येत नाहीत.

मग तीन वर्षांपूर्वी मालकांच्या जावयाला साक्षात्कार झाला की कागद मेला. हैदराबादेहून किरीटी नावाचा तरुण आला. तळमजल्यावरची कपाटं गोदामात गेली, भिंती पांढऱ्या झाल्या, गारेगार यंत्रं बसली. खळीच्या वासाच्या जागी लिंबाच्या फवाऱ्याचा वास आला. कात्रणं यंत्रात उतरवली गेली आणि पाकिटावरचा शब्द हाच त्यांचा पहिला टॅग ठरला. इथवर ठीकच होतं. सांबमूर्तीगारूंना वरच्या मजल्यावर खुर्ची आणि संगणक मिळाला. निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं, पण जुन्या मालातलं दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं म्हणून त्यांना ठेवलं.

किरीटी वाईट मुलगा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाईट माणसं परवडतात, त्यांचा निदान राग तरी येतो. हा नेहमी हसतमुख, वाढदिवसाला केक आणणारा, सगळ्यांना अंकल-आंटी म्हणणारा. फक्त तेलुगू वाचताना त्याला धाप लागायची. त्याचं शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत. तेलुगू दैनिकाची सगळी अक्कल अशा माणसाच्या हाती गेली होती ज्याला तेलुगूत चिठ्ठी लिहिता येत नाही. आयत्या बिळावर नागोबा, तोही गोड बोलणारा.

"अंकल, टॅग आठ पाहिजेत," तो सांबमूर्तीगारूंना सांगायचा. "त्यातले दोन गरम."

"गरम म्हणजे?"

"म्हणजे लोक आत्ता जे शोधतायत ते. त्या नटीचं लग्न मोडलंय ना, तिचं नाव टाका."

"ही बातमी भाताच्या तुडतुड्यांची आहे, बाबू."

"शेतकरीपण सिनेमा बघतात, अंकल!"

आसपास टॅग लावत बसलेल्या पोरी खिदळल्या. सांबमूर्तीगारूंनी एकच टॅग लावला, 'भात', आणि यंत्रानं लाल अक्षरात त्यांना अपुरं ठरवलं. असं रोज चालायचं. दर महिन्याला त्यांचं नाव यादीत सगळ्यात खाली असायचं, आणि किरीटी ती यादी भिंतीवर लावायचा, एक हसरा पिवळा चेहरा चिकटवून.

गेल्या वर्षी जूनमध्ये फर्मान आलं की जुने टॅग चार हजार आहेत, ते एकशेवीसवर आणायचे. सारख्या अर्थाचे एकात विरघळवायचे. यंत्रानं प्रत्येक शब्दाचा इंग्रजी अर्थ लावला आणि एक लांबलचक तक्ता केला. तो तपासून सही करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ज्येष्ठ. दुपारी चारची वेळ दिली होती. पानांमागून पानं सरकवत असताना एका ओळीवर माझी नजर थांबली. 'पापम्: गुन्हा, व्यभिचार. विलीन करा: अक्रम संबंध.'

तेलुगू वर्तमानपत्रांत बाहेरख्यालीच्या बातम्यांना हाच शब्द वापरतात, अक्रम संबंध. आमच्याकडचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच. ते पान लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना वाचून दाखवतात.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला चूक कळली होती. पापम् म्हणजे काय हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे, माझी सासू दिवसातून चाळीस वेळा ते म्हणते. मला हसू आलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याची सतरा पाकिटं व्यभिचारात निघाली, चिडेल बघ कसा, उद्या जेवताना सांगून मजा करू. आणि सही केली. दुसऱ्या दिवशी विसरलो. चार वाजायला पाच मिनिटं होती आणि चहा यायचा होता, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला, तारखेला पंधरा-सोळा दिवस बाकी असताना, रमणम्मा आली. सकाळचे अकरा वाजले असतील. हातात डबा नव्हता, फोन होता, तोही सुनेचा. वरच्या मजल्यावर ती कधी आलेली नव्हती, दरवर्षी तेच खाली उतरून तिला वाचून दाखवायचे. गार हवेत पदर गुंडाळून दाराशीच उभी राहिली. सांबमूर्तीगारू लगबगीनं उठले.

"या अम्मा! यंदा लवकर? तारखेला वेळ आहे अजून."

"हे वाचा, बाबूगारू," ती म्हणाली. "सून म्हणते वाचायला येतं तिला, पण ती खोटं वाचत असेल. तुम्ही वाचा."

फोनवर ते पान होतं. वरती लाल पट्टीत मोठ्या अक्षरात 'अक्रम संबंध'. खाली पोलय्या आणि दीनम्मा, शेजारी शेजारी, मतदार ओळखपत्रावरचे दचकलेले चेहरे. बातमीतला एकही शब्द बदललेला नव्हता. फक्त पट्टी होती. अलीकडे, पलीकडे, वर, खाली, मेव्हणीला घेऊन पळालेला वाहक, प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला विष घालणारी बायको. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी ते पान पाठवलं होतं, खाली हसून लोळणारे चेहरे काढून.

सांबमूर्तीगारूंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय लिहिलंय?" रमणम्मानं विचारलं.

"चूक झालीये, अम्मा. यंत्राची चूक."

"पण काय लिहिलंय?"

त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. मग तीच म्हणाली, "म्हणजे सून खरं वाचत होती. बाबूगारू, चौदा वर्षं मी त्या पोरीला जेवू घातलं. आता गल्लीतल्या बायका म्हणतात, उगाच का घातलंस, तुला आतून ठाऊक असणार. ते ऐकलं त्या रात्री माझ्या मनात आलं, की घाटावर कपडे वाळत घालायला हा रोज त्याच वेळेला का जायचा?"

"अम्मा, असं मनात आणू नका."

"मी आणलं नाही. तुमच्या पेपरानं आणलं."

ती बसलीसुद्धा नाही. जिन्यानं खाली उतरली, लिफ्टची भीती वाटते म्हणाली.

सांबमूर्तीगारू तडक किरीटीच्या टेबलाशी गेले. मी मागोमाग गेलो, का ते देव जाणे.

"हा शब्द काढ," ते म्हणाले.

किरीटीनं पाहिलं. "अंकल, पापम् म्हणजे इंग्रजीतलं सिनच ना? मी तपासलंय."

"तुझ्या आईला फोन लाव आणि तिला सांग, आज मी जेवलो नाही. ती काय म्हणते ऐक."

"ओह!" किरीटी हसला. "'पापम्' म्हणेल. क्यूट! बरं, त्या आजींची बातमी काढून टाकतो, तुमच्या ओळखीच्या आहेत म्हणून."

"आणि बाकीच्या?"

"अंकल, सहाशे बारा आहेत. सगळ्या काढल्या तर ते पान रिकामं दिसेल. आपलं एक नंबरचं पान आहे ते."

सहाशे बारा बिचारी माणसं. कुणी शेवग्यावरून पडलेलं, कुणी मिरचीच्या पोत्यांखाली दबलेलं. आमचं व्यभिचाराचं पान भरलेलं दिसावं म्हणून त्यांना वर्षभर तिथं उभं केलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर गर्दी जमली म्हणून खूश व्हायचं.

"आणि अंकल, तक्ता तपासलेला होता," किरीटी म्हणाला, आणि त्यानं पडद्यावर खालची सही दाखवली. "पेठे सरांनी."

सांबमूर्तीगारू माझ्याकडे वळले. "तुम्हाला दिसलं नाही?"

खोटं बोलायची सोय होती. पण त्या दिवशी माझ्यानं ती घेववली नाही. "दिसलं होतं," मी म्हणालो. "मजा वाटली."

"पहिल्याच दिवशी तुमचं पाकीट मी बरोबर निवडलं होतं, पेठेगारू," ते म्हणाले. "बाजार."

मग ते गोदामात गेले आणि पापम्‌ची सतरा पाकिटं ढकलगाडीवर घालून वर घेऊन आले. किरीटीच्या टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शेवग्याची बाई. मग लग्नाच्या पंगतीत सांबाराच्या हंड्यात पडलेला आचारी. मग नवी सायकल पुसताना करंट लागलेला पोस्टमन. प्रत्येक बातमी संपली की विचारायचे, "बाबू, पाप दाखव. यात कुठं आहे?" चौथ्या बातमीला पोरींचं टायपिंग थांबलं. सातव्या बातमीला त्यातली एक उठून बाहेर गेली. अकराव्याला किरीटी म्हणाला, "ओके, ओके अंकल. करा तुम्हाला काय करायचं ते. पण 'पापम्' शब्द आता यंत्रात चालणार नाही, त्याचा अर्थ पक्का झालाय. दुसरा शोधा."

सांबमूर्तीगारूंनी क्षणभर विचार करून सांगितलं, "अय्यो."

"त्याचा तर काही अर्थच लागत नाही यंत्राला. हा शब्द कोण शोधणार?"

"मग उत्तम."

सहाशे बारा बातम्यांची जुनी पट्टी काढून नवा शब्द लावायला त्यांना नऊ दिवस लागले. मी मदतीला बसलो तर म्हणाले, "तुम्ही नको." तरी मी समोर बसून राहायचो. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण चहा आला की एक कप माझ्याकडे सरकवायचे. रमणम्माची बातमी त्यांनी पहिल्याच तासात केली होती. दहाव्या दिवशी सकाळी फोन उघडून त्यांनी स्वतः शोधलं, पोलय्या, दीनम्मा, बंदर कालवा. लाल पट्टी गेली होती. सव्वीस वर्षांत प्रथमच मी त्यांना टेबलावर थाप मारताना पाहिलं.

तारखेला ते सकाळपासून दाराकडे बघत होते. रमणम्मा आली नाही. बारा वाजता ते माझ्या टेबलाशी आले, हातात मूळ पाकीट, खाकी, कडा फाटलेलं. "तुमची स्कूटर आहे ना?" म्हणाले. त्या कामासाठी का होईना, मी त्यांना चाललो.

पटमट्याच्या गल्लीत रमणम्मा घराच्या ओट्यावर कोळशाच्या इस्त्रीनं कपडे करत होती. शेजारी कपड्यांचा ढीग. पायरीवर स्टीलचा एक डबा तसाच ठेवलेला होता. तिची सून दारातून हळूच म्हणाली, "सुवार्ता आली होती सकाळी. सासूबाईंनी तिला आत घेतलं नाही. पायरीवर डबा ठेवून रडत गेली पोरगी."

"अम्मा, काढलं," सांबमूर्तीगारू म्हणाले. "फोनमधून काढलं, सगळीकडून काढलं. सुनेला बघू द्या. त्या बातमीवर आता एकही वाईट शब्द नाही."

रमणम्मानं फोनकडे पाहिलं नाही. "वाचा," ती म्हणाली. "आज तारीख आहे."

त्यांनी चष्मा लावला, पाकिटातून पिवळा पडलेला कागद काढला आणि नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. चटई. घसरलेली दीनम्मा. सदऱ्यासकट उडी मारणारा पोलय्या. 'दोघांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाजवळ सापडले.' इथं त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. मला ते स्पष्ट दिसलं. बोट तिथं थांबलं, उचललं गेलं आणि एक ओळ सोडून खाली टेकलं. 'पोलय्यामागे पत्नी व मुलगा, तर दीनम्मामागे सात वर्षांची मुलगी असा परिवार आहे.' त्यांनी कागदाची घडी घातली.

छापलेला शब्द न् शब्द जपणाऱ्या माणसानं जन्मात पहिल्यांदा ओळ गाळली होती. तिला त्रास नको म्हणून गाळली, हे मला कळलं.

रमणम्मानं इस्त्री उभी करून ठेवली.

"एक ओळ राहिली, बाबूगारू."

"कुठली, अम्मा?"

"मुठीची."

ते गडबडले. "डोळे अधू झालेत. चुकून राहिली."

"तेरा वर्षं नाही राहिली."

त्यांनी घाईघाईनं घडी उलगडली आणि ती ओळ वाचली, मोठ्यानं, मग पुन्हा एकदा वाचली. 'दीनम्माच्या मुठीत पोलय्याच्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरलेली आढळली.' वाचून ते थांबले, नेहमी ती हात वर करायची तिथं. तिनं हात वर केला नाही.

"मला वाटलं होतं, एक तुम्ही तरी पहिल्यासारखंच वाचाल," ती म्हणाली. "ती ओळ तुम्हालाच आता वाचवत नाही. मग मी अडाणी बाईनं ती कशी ऐकायची?"

सांबमूर्तीगारूंनी कागद पुन्हा पाकिटात घातला. मी तिथं उभा राहायच्याही लायकीचा नव्हतो.

रमणम्मानं ढिगातला पुढचा सदरा घेतला, पाटावर पसरला, कॉलर हातानं सरळ केली आणि तिच्यावर इस्त्री दाबून धरली.